वसई-विरारचा एकच रस्ता

वसई-विरारमध्ये गाडी चालवणाऱ्या कुणालाही सर्वांत नकोसा रस्ता विचारा, उत्तर ठरलेले आहे: हायवे. म्हणजे मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग. जुना आठ नंबर, आता ४८. ससूनवघर, मालजीपाडा, बापाणे फाटा, चिंचोटी, सातिवली, पेल्हार, विरार फाटा, शिरसाड, खानिवडे टोलनाका ही नावे इथल्या माणसाच्या बोलण्यात गावे म्हणून क्वचितच येतात; कोंडी कुठपर्यंत आली आहे हे सांगण्यासाठीच येतात. हा राग खरा आहे आणि रास्तही आहे. वाद आहे तो रागाच्या कारणांबद्दल. अधिकाऱ्यांना विचारले की ते चालकांच्या बेशिस्तीकडे बोट दाखवतात. लोकप्रतिनिधी म्हणतात, रस्ता अपुरा पडतो, रुंद करू, काँक्रीटचा करू. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग आणि विरार-अलिबाग कॉरिडॉर झाला की ट्रकच निघून जातील, असा दिलासा तिसरीकडून मिळतो. या प्रत्येक म्हणण्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली आहेत. पण तिन्ही मिळूनही इथल्या दुखण्याच्या मुळाशी जात नाहीत. मूळ असे आहे की एका मोठ्या शहराला बाहेर पडायला दुसरा रस्ता दिलेलाच नाही, आणि आंतरराज्य मालवाहतुकीसाठी बांधलेला महामार्ग त्या शहराचा मुख्य रस्ता म्हणून वापरला जातो.

नकाशा समोर ठेवला तर हे लगेच दिसते. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, जे २००३ पासून अभयारण्य आहेत. या चौकटीत ३ जुलै २००९ रोजी चार नगर परिषदा आणि भोवतालची गावे एकत्र करून महापालिका उभी राहिली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या घरात होती. त्यानंतर नालासोपारा पूर्व, विरार पूर्व आणि नायगाव पूर्वेला किती इमारती उठल्या हे रेल्वेच्या खिडकीतूनही दिसते. एवढ्या माणसांनी गाडी घेऊन दक्षिणेला, म्हणजे मिरा-भाईंदर, बोरिवली, मुंबईकडे जायचे तर वाट एकच: पूर्वेला हायवे गाठायचा आणि वर्सोवा पुलावरून खाडी ओलांडायची. नायगाव आणि भाईंदर ही रेल्वेची लागोपाठची स्थानके. मधले अंतर पाचेक किलोमीटर. गाडीने मात्र बापाणे फाटा, वर्सोवा पूल, काशिमिरा असा विसेक किलोमीटरचा वळसा. ठाण्याला जायचे तर त्याच पुलावरून घोडबंदर रस्ता, नाहीतर चिंचोटी-कामण-अंजूर फाटा हा भिवंडीचा रस्ता. त्याची दशा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली ती चांगलीच गोष्ट झाली, पण बोट म्हणजे पूल नव्हे; नायगाव आणि भाईंदरला थेट जोडणारा पूलच हवा.

शहराच्या आतली मांडणी हा भार आणखी वाढवते. वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार या भागांतले कारखाने आणि गोदामे रेल्वे आणि महामार्ग यांच्या मधल्या पट्ट्यात आणि महामार्गाच्या कडेला आहेत. कामगारांच्या चाळीही तिथेच. त्यामुळे पेल्हारचा कामगार वालीवला जातो तेव्हा, भाजीचा टेम्पो सातिवलीहून विरार फाट्याला जातो तेव्हा, शाळेची व्हॅन एका फाट्यावरून दुसऱ्या फाट्याला जाते तेव्हा, तीही हायवेवरूनच जाते. सर्व्हिस रोड आहे, पण तुकड्यातुकड्यांत. कुठे तो नाल्याशी येऊन थांबतो, कुठे ढाब्यासमोर उभ्या ट्रेलरांनी भरलेला असतो, कुठे नुसता मातीचा पट्टा आहे. दोन किलोमीटरच्या कामासाठी निघालेली स्कूटर मग जवाहरलाल नेहरू बंदरातून गुजरातकडे निघालेल्या चाळीस फुटी कंटेनरच्या बाजूने चालते. दोघांपैकी कुणीही चुकीच्या जागी आलेला नाही. त्यांना एकाच पट्ट्यात आणणाऱ्या नियोजनाची ही चूक आहे.

आता बेशिस्तीचा आक्षेप. वसई-विरारचे चालक राँग साइडने घुसतात, दुभाजकात कट पाडून घेतात, रिक्षा फाट्याच्या तोंडावरच उभ्या राहतात, हे सगळे खरे आहे आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण राँग साइड नेमकी कुठे चालते ते पाहिले तर आक्षेप उलटतो. ज्या ठिकाणी घर आणि कारखाना समोरासमोर आहेत आणि कायदेशीर वळण मात्र पुढच्या उड्डाणपुलाखाली आहे, तिथे ती चालते. जिथे सर्व्हिस रोड तुटतो, तिथे ती चालते. हाच चालक पूल ओलांडून काशिमिऱ्यापुढे गेला की बऱ्यापैकी रांगेत चालतो. पाच किलोमीटरमध्ये माणसाचा स्वभाव बदलत नसतो. दंड करा, जरूर करा. मिरा-भाईंदर वसई-विरार पोलीस आयुक्तालय ऑक्टोबर २०२० मध्ये झाले ते त्यासाठीही. पण शेकडो माणसे रोज तीच चूक त्याच जागी करत असतील तर ती जागाही तपासायला हवी.

अपघातांचा पुरावाही हेच सांगतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला आणि त्यात ते व जहांगीर पंडोल दगावले. वेग जास्त होता, मागच्या आसनांवरच्यांनी सीटबेल्ट लावले नव्हते, आणि तीन पदरी रस्ता पुलाशी येऊन दोन पदरी होत होता. चालकाची चूक आणि रस्त्याची चूक दोन्ही तिथे एकत्र आल्या. त्या अपघातानंतर महामार्ग पोलिसांचे आकडे प्रसिद्ध झाले: घोडबंदर ते दापचरी या सुमारे १०० किलोमीटरच्या पट्ट्यात त्या वर्षी तोवर २६२ अपघात आणि ६२ मृत्यू. चारोटीचे नाव देशभर झाले, पण त्याच आकड्यांत वसईतल्या चिंचोटीचा पट्टाही मोठा होता, आणि तिथे मेलेल्यांत प्रसिद्ध कुणी नव्हते. चिंचोटी म्हणजे भिवंडीचा रस्ता हायवेला मिळतो ती जागा. कंटेनर, खासगी बस, रिक्षा, पायी रस्ता ओलांडणारे गावकरी, पावसाळ्यात धबधब्याला आलेली पोरे, सगळे तिथे एकाच पातळीवर येतात. अपघात तिथे जास्त होतात याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

रुंदीकरणाचा आणि काँक्रीटचा युक्तिवाद अधिक गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्यावर प्रत्यक्ष पैसा खर्च झाला आहे. २००९ नंतर सुरत-दहिसर पट्ट्याचे सहापदरीकरण झाले, टोल घेतला गेला, आणि कोंडी कमी झाली नाही. २०१३ च्या अखेरीस वर्सोव्याच्या जुन्या पुलाला तडा गेल्याचे आढळले. पुढची काही वर्षे दुरुस्ती, अवजड वाहनांना बंदी, पुन्हा दुरुस्ती असे चक्र चालले. त्या काळात लोक म्हणत, नवा पूल होऊ द्या, मग बघा. जानेवारी २०१८ मध्ये नव्या पुलाचे भूमिपूजन झाले आणि २०२३ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. पूल उत्तम आहे, तो हवाच होता. पण कोंडी पुलावरून उतरून फाउंटन हॉटेलच्या नाक्यावर, घोडबंदरच्या चढावर आणि ससूनवघरच्या बाजूला जाऊन बसली, कारण पुलापाशी येण्यावाचून गत्यंतर नसलेल्या गाड्या तेवढ्याच राहिल्या. मग दहिसर ते अच्छाड या १२१ किलोमीटरवर व्हाइट टॉपिंग आले, म्हणजे डांबरी रस्त्यावर काँक्रीटचा थर. टिकाऊपणाच्या दृष्टीने ही पद्धत योग्यच आहे; अवजड वाहनांखाली डांबर पावसाळ्यात उखडते. पण करताना काय झाले ते पाहा. एक पट्टा बंद करून त्यावर वीतभर जाडीचा थर ओतला, तो पक्का होईपर्यंत तिथे गाडी जाऊ शकत नाही, आणि शेजारचा जुना पट्टा तेवढाच खाली राहतो. रात्री पावसात, दिवे नसताना, त्या कडेवर दुचाकीचे चाक घासले की स्वार थेट मागून येणाऱ्या ट्रकपुढे पडतो. सर्व्हिस रोड आधी सलग करून घेतला असता तर स्थानिक गाड्या तिकडे वळल्या असत्या आणि कामही मोकळेपणाने झाले असते. क्रम उलटा लावला आणि २०२४ सालचा पावसाळा सगळ्यांनी भोगला.

पाण्याचेही तेच. तुंगारेश्वरावरून उतरणारे ओढे पूर्वेकडून पश्चिमेकडे, मिठागरांच्या आणि खाजणांच्या दिशेने वाहतात आणि महामार्ग त्यांना आडवा पडला आहे. मालजीपाडा, ससूनवघर, बापाणे या भागांत दोन्ही बाजूंना गोदामे, हॉटेले आणि वाहनतळांसाठी मातीचे भराव झाले, नाले अरुंद झाले, मोऱ्या जुन्याच राहिल्या. जुलै २०१८ च्या पुरात सगळे शहर बुडाले होते, ते अपवादात्मक पावसाचे साल म्हणून सोडून देता येईल. पण त्यानंतर साध्या पावसातही महामार्गाच्या या पट्ट्यात पाणी साचते, ते कशामुळे? रस्त्याची उंची वाढवली की पाणी रस्त्यावरून हटते आणि कडेच्या गावात शिरते. काँक्रीटच्या जाडीवर जितकी चर्चा झाली तितकी मोऱ्यांच्या रुंदीवर कधीही झाली नाही, याचा मला खरोखर संताप येतो.

जगाचा अनुभव इथे उपयोगी पडतो. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरातला केटी फ्रीवे २००८ मध्ये काही ठिकाणी कडेचे रस्ते धरून २६ पदरांपर्यंत रुंद झाला. थोड्याच वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. अमेरिकी शहरांचा अभ्यास करून ड्युरान्टन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवले की महामार्गाचे पदर ज्या प्रमाणात वाढतात, जवळपास त्याच प्रमाणात वाहनांचा प्रवासही वाढतो. यावर चतुर वाचक विचारील: मग नायगाव-भाईंदर पुलाची मागणी कशी करता, त्यावरही गाड्या वाढतीलच की. प्रश्न योग्य आहे. वाढतील. पण वीस किलोमीटरचा वळसा पाच किलोमीटरवर आला तर तोच प्रवास रस्त्याची एक चतुर्थांश जागा अडवेल, आणि तो महामार्गाबाहेर होईल. शिवाय एवढ्या अंतरावर महापालिकांच्या बस धावू शकतात. आज वळशामुळे त्यांच्या फेऱ्या परवडत नाहीत. पुलाची एक मार्गिका पहिल्या दिवसापासून बससाठी राखली तर खासगी गाड्यांची वाढ आटोक्यात राहील. या पुलाचा प्रस्ताव दहा वर्षांहून अधिक काळ मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) कागदांत आहे. खारफुटीचा आक्षेप येईल, तोही टाळण्यासारखा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सार्वजनिक हिताच्या कामासाठीच आणि न्यायालयाच्या परवानगीनेच खारफुटीला हात लावता येईल असे ठरवून दिले आहे. मग त्या कसोटीला हा पूल उतरवा. आज होडीवर अवलंबून असलेल्या, याच खाडीतल्या पाणजू बेटाच्या लोकांनाही विचारा.

राहिला तो द्रुतगती मार्गाचा दिलासा. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाच्या मुंबई-वडोदरा टप्प्यावरून बंदराकडे जाणारे कंटेनर पुढे भिवंडी-बदलापूरकडून निघून जातील, हे मान्य. पण त्या मार्गाची मुंबईकडची शाखा शिरसाडजवळ याच महामार्गाला मिळते. म्हणजे मुंबईला जाणारी गाडी वेगाने शिरसाडपर्यंत येईल आणि तिथून पुढे वर्सोवा पुलापर्यंत आपल्याच रांगेत उभी राहील. विरार-अलिबाग कॉरिडॉर नवघरहून सुरू होऊन पूर्वेला जाणार. बोरिवलीला जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. शिवाय ट्रक सगळे गेले तरी पेल्हार-वालीवच्या फेऱ्या कुठे जाणार? वसईकर लोकलने जातात, त्यांना रस्ता कशाला, असेही कुणी म्हणते. लोकलने कामगार जातो; रुग्णवाहिका जात नाही. पालघर जिल्ह्यातल्या गंभीर रुग्णांना आजही मुंबईकडे न्यावे लागते. २०२५ च्या जुलैअखेर अशी एक जखमी महिला आणि सप्टेंबरमध्ये दीड वर्षाच्या आसपासचे एक बाळ, दोघे या महामार्गावरच्या कोंडीत रुग्णवाहिकेत अडकले आणि वेळेत रुग्णालयात पोहोचू शकले नाहीत. दोन्ही जीव गेले. ऑक्टोबरमध्ये सहलीहून परतणाऱ्या शेकडो शाळकरी मुलांच्या बस रात्रभर इथेच उभ्या होत्या. काही मुले पहाटे घरी पोहोचली, तीही भुकेली.

ती रात्र घडली कशी, हे नीट समजून घ्यायला हवे. घोडबंदर रस्त्यावर गायमुख भागात दुरुस्ती होती, ठाण्याकडची अवजड वाहने वळवली गेली आणि ती सगळी या महामार्गावर आली. म्हणजे ठाण्याने आपला भार हलका केला आणि तो वसईच्या एकमेव रस्त्यावर टाकला. त्याच वर्षी दहिसरचा टोलनाका उचलून वर्सोवा पुलाच्या बाजूला नेण्याची कल्पना पुढे आली, तेव्हाही मुंबईच्या तोंडची कोंडी आमच्या तोंडाशी आणून ठेवण्याचाच तो बेत होता, आणि वसईकरांनी केलेला विरोध पूर्ण योग्य होता. रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, पोलीस आयुक्तालयाचे, नाले महापालिकेचे, घोडबंदरची दुरुस्ती आणखी दुसऱ्यांची. प्रत्येक जण आपल्या हद्दीत बरोबर असतो. महामार्गावरचे बेकायदा कट आणि अतिक्रमणे हटवण्याचा अधिकार २००२ च्या कायद्याने महामार्ग प्रशासनाला दिलेला आहे, तो वापरला जावा. ससूनवघर ते शिरसाड दोन्ही बाजूंना सलग सर्व्हिस रोड आणि पुरेशा रुंद मोऱ्या खानिवड्याच्या टोलमधून बांधल्या जाव्यात, आणि त्या पुऱ्या होईपर्यंत मुख्य रस्त्याचा पट्टा बंद करणारे नवे काम हाती घेऊ नये. आणि घोडबंदरवरची वाहने इकडे वळवण्याचा आदेश निघण्याआधी त्यावर वसई-विरार महापालिकेची आणि इथल्या वाहतूक पोलिसांची लेखी संमती असावी, तासांच्या मर्यादेसह आणि रुग्णवाहिकेसाठी मोकळ्या ठेवलेल्या मार्गिकेसह.