स्मृतीची नोंद आणि मेंदूतील लगाम

भारतात साठ वर्षांवरील सुमारे 88 लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असाव्यात, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मांडण्यात आला. या वयोगटातील हे प्रमाण 7.4 टक्के आहे. पेशी मरतात म्हणून स्मृती जाते, हे सर्वसाधारण आकलन चुकीचे नाही. मात्र पेशी जिवंत असतानाच त्यांच्यातील मेळ बिघडतो, याकडेही आता संशोधकांचे लक्ष लागले आहे.

हा मेळ राखला जातो तो हिप्पोकॅम्पस या भागात. अपस्मारावरील उपाय म्हणून 1953 मध्ये अमेरिकेतील एका रुग्णाच्या मेंदूतील हा भाग दोन्ही बाजूंनी बऱ्याच अंशी काढण्यात आला. त्यानंतर त्याला नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. नवी स्मृती घडण्याशी या भागाचा संबंध त्यातून स्पष्ट झाला.

येथील बहुसंख्य चेतापेशी उत्तेजक असतात. उंदरांमध्ये निरोधक पेशींचा वाटा जेमतेम दहा ते पंधरा टक्के. पण कारभार त्यांच्याच हाती असतो, असे म्हणणे वावगे ठरू नये. 'गाबा' हे रसायन सोडून त्या शेजारच्या पेशींना गप्प करतात. हिप्पोकॅम्पसच्या एका उपभागातच त्यांचे किमान 21 प्रकार 2008 मध्ये नोंदवण्यात आले. काही प्रकार पेशीच्या मुख्य देहावर दाब देऊन तिने नेमके कधी बोलावे हे ठरवतात. काही तिच्या दूरच्या शाखांवर पहारा ठेवून कोणता संदेश आत येऊ द्यावा, हे ठरवतात. प्रत्येक प्रकाराची वेळ निराळी असते.

कोलंबिया विद्यापीठातील 2014 च्या प्रयोगाने हे नेमके दाखवले. भीतीचा प्रसंग आणि तो घडला ते ठिकाण यांची सांगड उंदीर घालतात. अप्रिय उद्दीपनाच्या क्षणी शाखांवरील निरोधक पेशी जाग्या होतात. त्या क्षणी त्यांनाच निष्क्रिय केले असता उंदरांना ती सांगड घालता आली नाही. म्हणजे काही संकेत रोखले गेले, तरच ठिकाणाची नोंद नीट होते.

सौम्य स्मृतिदोष असलेल्या रुग्णांमध्ये हिप्पोकॅम्पसचा काही भाग अतिसक्रिय आढळतो. अपस्मारावरील लेव्हेटिरासिटाम या औषधाच्या अल्प मात्रेने ही अतिसक्रियता घटून स्मृतिचाचणीतील कामगिरी सुधारल्याचे 2012 च्या एका लहान अभ्यासात दिसले. त्यावरून हे औषध सरसकट घ्यावे, असा अर्थ निघत नाही.

निरोध वाढवला की स्मृती सुधारते, हा निष्कर्ष तर घातकच ठरेल. डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्या गाबाचा परिणाम वाढवतात, आणि त्यांच्या अमलाखाली नव्या गोष्टी लक्षात राहणे उलट कठीण होते. पेशींच्या वेळा या गोळ्या पाळत नाहीत. त्या सरसकट लगाम खेचतात. भारतात 2014 पासून या दोन्ही गोळ्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक आहे. झोपेसाठी त्या दीर्घकाळ घेणाऱ्या वृद्धाचा विसराळूपणा वयाच्या खाती टाकण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवणे इष्ट. मात्र त्या स्वतःहून एकाएकी थांबवणेही धोक्याचे असते.