पहिले बारा जण

नोव्हेंबर २०२३नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यातून गूगल प्लेवर ॲप आणायचे, तर आधी परीक्षक जमवावे लागतात. सुरुवातीला ही अट वीस जणांची होती, डिसेंबर २०२४मध्ये ती बारावर आली. त्या बारा जणांनी सलग चौदा दिवस चाचणीत राहायचे. एकट्याने काम करणारे आपल्यातले बहुतेक जण ही अट कशी भागवतात, हे सर्वांना ठाऊक आहे. मामेभाऊ, मेहुणा, कॉलेजचे चार मित्र, घरातले उरलेले फोन. चौदा दिवस जातात, ‘मस्त झालंय’ असे निरोप येतात आणि ॲप बाजारात उतरते. गूगलची अट पूर्ण होते, पण ॲपची परीक्षा झालेलीच नसते.

बीड, माजलगाव, परळी, अंबाजोगाई, आष्टी इथे बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला या बाबतीत आडकाठी नाही. ज्याच्यासाठी लिहायचे तो माणूस मोंढ्यात, दूध संकलन केंद्रावर किंवा पलीकडच्या गल्लीत भेटतो. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांना त्याच्यापर्यंत पोहोचायला पैसे मोजावे लागतात. तरीही आपण आपल्या बारांत त्याला धरत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

ऊसतोडीच्या हिशेबाचेच घ्या. मुकादमाची वही मोबाइलवर आणण्याची कल्पना या जिल्ह्यातल्या डेव्हलपरला आज ना उद्या सुचतेच. टेबलावर बसून पाहिले तर काम सोपे दिसते: उचल, तोडलेले टन, दर, शिल्लक. चार रकाने. आता ती वही खरोखर उघडून पाहा. नोंद माणसाच्या नावावर नाही, कोयत्यावर आहे, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल एकरकमी नाही. थोडी पावसाळ्यात, थोडी पोळ्याच्या आसपास, थोडी दसऱ्यानंतर गाव सोडताना. बाजाराच्या दिवशी खर्चाला दिलेले पैसे वेगळे. आजारपणात बुडालेल्या दिवसांचा खाडा वेगळा. त्यातच जानेवारी २०२४मध्ये, हंगाम ऐन भरात असताना, तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि मुकादमाचे कमिशनही एक टक्क्याने वाढले. ज्याने दर कोडमध्येच घट्ट बसवला असेल, त्याचे ॲप त्या दिवशी निकामी झाले असते. दराला ‘कधीपासून लागू’ ही तारीख हवी, हे मुकादमाजवळ अर्धा तास बसले तरी कळते. मेहुणा ते सांगणार नाही, त्याला कधी गरजच पडलेली नाही.

आणि इथे मला त्याहून महत्त्वाची गोष्ट मांडायची आहे. ॲपचे पैसे मुकादम देणार, म्हणून अभिप्रायही त्याचाच घेतला जातो. पण त्यातला प्रत्येक आकडा कुठल्यातरी जोडप्याच्या अंगावर पडतो. वही मुकादमाकडे असते. खाडा कधी मांडला, किती मांडला, हे अनेकदा मजुराला हंगाम संपल्यावरच कळते. तुमच्या बारांत त्या जोडप्यातले कोणी नसेल, तर तुम्ही त्या जुन्या एकतर्फी वहीला फक्त वेग दिलात. नोंद झाली की मजुराच्या साध्या फोनवर मराठीत एक एसएमएस जावा, इतके तरी करा, आणि तो मेसेज जोडप्यातल्या बाईला समजतो का हे तिलाच विचारा. मुकादमाला ही सोय नको असेल, तर तोही अभिप्रायच आहे. त्यावर काय करायचे हे डेव्हलपरने स्वतः ठरवायचे असते. एकट्याने काम करणाऱ्याचा हा अधिकार मोठा आहे, तो वापरा.

ज्यांचे उत्पादन टिकले, ते ग्राहकाच्या किती जवळ होते हे पाहण्यासारखे आहे. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि मग संगणक दुरुस्त करत. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडत, म्हणून धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले. १९९५मध्ये त्यातून क्विक हील बाजारात आले. ग्राहक काय म्हणतो हे विचारायला त्यांना कुठे जावे लागले नाही, बिघडलेले यंत्र घेऊन तोच दारात उभा असायचा. आपल्या आष्टी तालुक्यातल्या सांगवीचे दादासाहेब भगत यांची वाट निराळी. इन्फोसिसमध्ये ऑफिसबॉय म्हणून काम करता करता ते ॲनिमेशन शिकले. तेच ते डिझाइन पुन्हा पुन्हा पहिल्यापासून करण्यात वेळ जातो, हे कामातच जाणवले आणि त्यातून टेम्प्लेटचा साठा उभा राहिला. लॉकडाउनमध्ये ते गावी परतले, जिथे नेटवर्क मिळत होते तिथल्या गोठ्यात बसून काम चालू ठेवले आणि ‘डिझाइन टेम्प्लेट’ ही आपली कंपनी पुढे नेली. शार्क टँक इंडियाच्या तिसऱ्या पर्वात गुंतवणूकदार अमन गुप्ता यांनी त्यांना दहा टक्के हिश्श्यासाठी एक कोटी रुपये देऊ केले. लोक त्या कोटीबद्दल बोलतात. मला त्यांचे आधीचे काम जास्त मोलाचे वाटते: ते स्वतःच आपल्या उत्पादनाचे पहिले वापरकर्ते होते आणि अडचण त्यांची स्वतःची होती.

ज्याची अडचण आपली नाही, त्याने विचारायची पद्धत बदलावी. ‘असे ॲप आले तर वापराल का?’ या प्रश्नाला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही. पाहुणचारात ते बसत नाही. त्याऐवजी ‘मागच्या पंधरवड्याचे बिल आले तेव्हा हिशेब कसा केला, दाखवता का?’ असे विचारा आणि गप्प बसा. फोन त्यांच्या हातात द्या, उन्हात द्या, आपण बोट लावू नका. आणि पहिल्या महिन्यापासून थोडे का होईना, पैसे घ्या. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल कोणी तक्रार करत नाही, ती नुसती वापरायची सोडून देतात. पन्नास रुपये दिलेला माणूस मात्र रात्री नऊला व्हॉइस मेसेज पाठवतो. तो मेसेज जपून ठेवा. ॲपच्या पहिल्याच पडद्यावर आवृत्तीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत दाखवा, म्हणजे तक्रारीसोबत येणाऱ्या, दुसऱ्या फोनवरून काढलेल्या तिरप्या फोटोतही तो वाचता येतो.

लवकर बाजारात या, अर्धवट का असेना, हा सल्ला मीही देतो. अर्धवट म्हणजे सोयी कमी. नोंद हरवणारे नव्हे. अँड्रॉइडवर डेटा साठवायला रूम ही लायब्ररी वापरणाऱ्यांनी आजच आपल्या कोडमध्ये ‘फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन’ शोधावे. तक्त्याची रचना बदलली आणि मायग्रेशन लिहायचे राहिले, तर ही एक ओळ जुना सगळा डेटा पुसून नवे रिकामे तक्ते बनवते. चाचणीच्या फोनवर काहीच बिघडलेले दिसत नाही. टोळी कारखान्यावर असताना असे झाले, तर एका जोडप्याचा हंगाम गेला. प्लेवर जुनी आवृत्ती परत आणता येत नाही. चुकीची थांबवून वाढीव क्रमांकाची नवीच काढावी लागते. म्हणून अपडेट आधी थोड्या टक्के लोकांना द्या.

चौदा दिवसांच्या चाचणीत ऊसतोडीचा हिशेब पूर्ण होणारच नाही. उचल पावसाळ्यात, तोडणी दिवाळीनंतर, शिल्लक ठरते ती उन्हाळ्यात. यावर एक उपाय आहे. मुकादमाकडून गेल्या हंगामाची वही मागून घ्या आणि तिच्यातली प्रत्येक नोंद, तारखेसकट, त्याच्यासमोर ॲपमध्ये भरा. त्या वहीतल्या एखाद्या जोडप्यालाही शेजारी बसवा. शेवटची शिल्लक वहीशी रुपयापर्यंत जुळते का ते पाहा. जुळली नाही, तर चूक वहीत आहे की कोडमध्ये, हे सगळ्यांनी मिळून शोधा. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. तोवर हे काम आटोपायला हवे.