पडद्यावरील शेअरबाजार

आमच्या फलटणांतहि वाणिज्य शाखेच्या पदवीधरास पुढचा बेत विचारल्यास "शेअरबाजारांत उतरणार" असें उत्तर हल्लीं येतें. उत्तर वाईट नाहीं. मात्र त्यामागील चित्र बहुधा पडद्यावरून उचललेलें असतें.

'बाजार' (२०१८) व 'द बिग बुल' (२०२१) हे चित्रपट किंवा 'स्कॅम १९९२' (२०२०) ही मालिका पाहणाऱ्या तरुणाच्या मनांत नायकाचा उत्कर्ष ठसतो, अधःपात नव्हे. प्रत्यक्षांत मुंबईच्या बाजारांतील आरडाओरडीचे सौदे १९९५ सालींच संपले. आतां ते संगणकावर जुळतात. दलाली पेढींतील नोकर स्वतःचे डाव खेळत नाहीं. ग्राहकाची मागणी बिनचूक नोंदविणें, त्याची तारणरक्कम पुरेशी आहे कीं नाहीं हें पाहणें व बाजार उठल्यावर पैन्‌पैचा हिशेब जुळविणें, हीं तेथील नित्याचीं कामें. जानेवारी २०२३ पासून शेअरांचा व्यवहार पुढील कामाच्या दिवशींच पुरा करावा लागतो. त्यामुळें चूक झांकून ठेवण्यास सवड नाहीं.

ज्या हर्षद मेहतांवर ती मालिका बेतली आहे, त्यांचें प्रकरण तरी कसें फुटलें? स्टेट बँकेच्या सरकारी रोख्यांच्या हिशेबांत सुमारें ५०० कोटी रुपयांची तफावत निघाली, व २३ एप्रिल १९९२ रोजीं सुचेता दलाल यांनीं ती वृत्तपत्रांतून उघड केली. एवढा बलाढ्य दलाल हरला तो न जुळणाऱ्या वहीपुढें!

कोणी म्हणेल, नोकरी नको, घरीं बसूनच सौदे करूं. त्यानें 'सेबी'ची २०२४ ची पाहणी वाचावी. शेअरांच्या वायदेबाजारांत उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकीं त्र्याण्णव जणांना तीन वर्षांच्या एकूण हिशेबांत तोटाच झाला. तोहि सरासरी दोन लक्ष रुपयांचा. एकत्र कुटुंबांत असा तोटा एकट्याचा राहत नाहीं. बहिणीच्या लग्नाची ठेव व आईच्या पाटल्या त्यांत जातात. ऋग्वेदांतील अक्षसूक्तांत द्यूतकाराच्या पत्नीचें व मातेचें दुःख आलें आहे, तें उगाच नव्हे.

म्हणून वडीलधाऱ्यांनीं मुलास अडवूं नये, एकच विचारावें, "बाळ, तूं हिशेब ठेवणार कीं डाव खेळणार?" हिशेब ठेवणार असेल, तर त्याच्या परीक्षांचें शुल्क आनंदानें भरावें. डाव खेळणार असेल, तर घरच्या तिजोरीची किल्ली आजीच्या कमरेलाच राहूं द्यावी.