दप्तराचें ओझें

शाळेकडून पालकांस वारंवार जाणाऱ्या सूचनांपैकीं एक अशी, कीं दप्तर वेळापत्रकाप्रमाणेंच भरावें. दप्तराचें वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावें, असें महाराष्ट्र सरकारनें जुलै २०१५ मध्यें ठरविलें. म्हणजे २० किलोच्या मुलास दोनच किलो! लिटरभर पाण्याच्या बाटलीनेंच निम्मा हिशेब संपतो. (बाटली अर्धी भरावी, तर शाळेंतील नळाचें पाणी पिण्याजोगें हवें.) गिरगांवांतील चाळीचे तीन जिने चढणाऱ्या बालकाची वांकलेली पाठ सर्वांनींच पाहिली असेल. परंतु सारा दोष आईबापांस देणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. कोणती वही केव्हां मागतील याचा नेम नसतो. म्हणून शिक्षेच्या भीतीनें मूल सर्वच उचलून निघतें. शिक्षकांनीं आदल्या दिवशींच सांगावें, व जड पुस्तकें वर्गांतील कपाटांत ठेवूं द्यावीं.