जनावराला घड्याळ नसते

वर्षभर या सदरातून मी वाचकांशी शब्दांच्या आणि म्हणींच्या गोष्टी बोलत असतो. दिवाळी अंकात संपादक थोडी मोकळीक देतात. तिचा फायदा घेऊन आज आमच्या घरातलाच एक खटला आपल्यापुढे मांडतो. फिर्यादी आमची कन्या, वय वर्षे तेरा. आरोपी मी. न्यायाधीश कोण, ते संसारी वाचकांना सांगायला नकोच. फिर्याद एका वाक्याची होती: "सगळ्यांच्या घरी काहीतरी पाळलेलं असतं. आपल्या घरी नुसती पुस्तकं!"

मी मास्तर माणूस. वेळ मारून न्यायची तर तक्ता करावा, हे आमच्या अंगवळणी पडलेले. एका कागदावर तीन रकाने आखले: कोंबडी, मांजर, कुत्रा. कोणाला किती खायला लागते, किती वेळ द्यावा लागतो, आजारपण काय आणि आपण गावाला गेलो तर काय, असे चार प्रश्न घातले. म्हटले, तक्ता पुरा होईपर्यंत पोरगी विसरेल.

कोंबडीचा रकाना मला पाठच होता. माझे लहानपण कोकणात आजीजवळ गेले आणि आजीच्या परसात सात-आठ कोंबड्या होत्या. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम दाणा लागतो आणि त्याच्या दुपटीच्या आसपास स्वच्छ पाणी. अंड्याचे कवच भक्कम व्हायला चुना लागतो, म्हणून आजी शिंपले कुटून घालायची. थंडीत दिवस लहान झाला की अंडी कमी होतात. त्यात कोंबडीचा आळस नसतो, तिला तेवढा उजेड मिळत नाही. मानमोडी आली की खुराडेच्या खुराडे रिकामे होते, म्हणून तिची लस वेळेवर टोचावी लागते. आणि 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

एवढे सांभाळले की कोंबडी तुमच्याकडे काही मागत नाही. तिला फिरायला न्यावे लागत नाही, तिच्याशी गप्पा माराव्या लागत नाहीत. अंधार पडू लागला की ती आपली आपण खुराड्यात शिरते, कारण रात्री तिला जवळजवळ दिसतच नाही. फक्त मागून दार कोणीतरी लावायचे असते.

ते काम माझ्याकडे होते. मी दहा वर्षांचा होतो. एके संध्याकाळी देवळात भजनाला गेलो, प्रसाद खाल्ला आणि घरी येऊन झोपलो. सकाळी खुराड्यापुढे पिसे पडलेली होती. मुंगसाने तांबडी कोंबडी नेली होती. ती बारा अंड्यांवर बसलेली होती. एकवीस दिवसांनी पिल्ले निघतात. त्या दिवशी एकोणिसावा दिवस होता. अंडी थंडगार पडली होती. एक अंडे मी कानाला लावून पाहिले, ते अजून आठवते.

आजीने मला मारले नाही. पिसे गोळा करताना ती एवढेच म्हणाली, "जनावराला घड्याळ नसतं रे. म्हणून ते आपल्याकडे असावं लागतं."

मांजराचा रकाना सोपा वाटला. मांजर पाळावे लागत नाही. तेच बिऱ्हाड पसंत करते आणि राहायला येते. दिवसाचे बारा-पंधरा तास झोपते, अंग स्वतः चाटून साफ ठेवते आणि घाण मातीखाली झाकते. घरातल्या कित्येक माणसांविषयी एवढे म्हणता येणार नाही! पण जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारले तेव्हा माझ्या ज्ञानाला बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. मांजर आणि दूध ही जोडी म्हणीत शोभते. पुष्कळशा मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडते. आणि दूध-पोळीवर त्याचे भागतही नाही. ते पक्के मांसाहारी. मांसातून मिळणारे टॉरिन नावाचे एक द्रव्य कमी पडले तर त्याचे डोळे आणि हृदय दुबळे होते. दोन-तीन दिवस मांजर जेवले नाही तर 'रुसले असेल' म्हणून सोडून द्यायचे नसते, कारण उपाशी मांजराचे यकृत बिघडते. आणि त्याला ताप आहे म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही द्यायची नाही. ती मांजराला विष आहे. सदनिकेत राहणाऱ्यांनी खिडक्यांना जाळी लावावी. मांजर चार पायांवर पडते हे खरे, पण चौथ्या मजल्यावरून पडल्यावर त्या पायांचे काय होते, ते म्हण सांगत नाही.

कुत्र्याचा रकाना मात्र रिकामा राहिला. तो गेल्या दिवाळीत भरला.

शेजारचे गृहस्थ सपत्नीक मुलाकडे बंगळूरला गेले आणि वीस दिवसांसाठी त्यांचा मोती आमच्याकडे आला. पहिल्या दोन दिवसांतच कळले की कोंबडी दाणा मागते, मांजर जागा मागते, पण कुत्रा माणूस मागतो. सकाळी-संध्याकाळी त्याला फिरवायला हवे, पाऊस असो की परीक्षेचे पेपर असोत. एकटा ठेवला की तो रडतो. त्यात घरात फराळाची ताटे उघडी. बेदाणा आणि द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, चॉकलेट आणि कांदाही वाईट, हे ऐकल्यापासून सौभाग्यवती चिवड्याच्या डब्यावर पहारा देत बसल्या.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गल्लीत बाँब फुटू लागले. आपल्याला नकोसा होणारा आवाज कुत्र्याच्या तिखट कानांना काय वाटत असेल! मोती थरथरत पलंगाखाली शिरला. त्याला बाहेर काढायला कन्येने हात घातला, तेवढ्यात आणखी एक बाँब फुटला आणि भेदरलेल्या मोतीचे दात तिच्या मनगटात रुतले.

सौभाग्यवतींनी तिला नळाखाली नेले आणि साबण लावून पुरी पंधरा मिनिटे जखम धुतली. मी मोतीचे लशीचे पुस्तक शोधले. रेबीजची लस दर वर्षी द्यायची असते. मोतीची तारीख उलटून आठ महिने झाले होते. फोनवर शेजारी रडवेल्या आवाजात म्हणाले, "उद्या नेऊ, उद्या नेऊ म्हणत राहून गेलं हो." त्यांना काय बोलणार? मला खुराड्याचे दार आठवले.

त्याच रात्री दवाखान्यात पहिले इंजेक्शन झाले. पुढची ठरल्या तारखांना झाली. 1885 सालच्या 6 जुलैला पाश्चरने नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिली लस टोचली, तेव्हापासून या रोगाला वाट अडवता येते. पण लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही. म्हणूनच 'बघू सकाळी' म्हणायचे नसते. डॉक्टरांनी सांगितले, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. ते दहा दिवस आम्ही नवराबायको मोतीकडे ज्या डोळ्यांनी पाहत होतो, तसे स्वतःच्या मुलीकडेही कधी पाहिले नसेल. तो पाणी पितो का? जेवतो का? कार्तिकी एकादशी उजाडली तेव्हा दहा दिवस पुरे झाले होते. मोती शेपटी हलवत वाटीपुढे उभा होता. सौभाग्यवतींचा उपास होता, पण त्या दिवशी त्याला त्यांनी स्वतःच्या हाताने भरवले.

मला वाटले, खटला आता निकाली निघाला. मी कन्येला म्हटले, "काय गं, अजून कुत्रा हवाच का?"

ती म्हणाली, "बाबा, मोतीची चूक नव्हती. घाबरलेल्याला ओढायचं नसतं, हे मला माहीत नव्हतं. आणि तारीख लक्षात ठेवणं त्याचं काम नव्हतं."

आजी तिच्या जन्माआधीच गेली. खुराड्याची गोष्टही मी घरात कोणाला सांगितलेली नव्हती; लाज वाटे. त्या रात्री सांगितली. ती मुकाट्याने ऐकत होती. शेवटी तिने विचारले, "अंड्यातून काही ऐकू आलं होतं का?" मी म्हटले, "नाही."

न्यायाधीशांनी निकाल एक वर्ष राखून ठेवला. त्या वर्षात शेजारच्या मोतीला रोज संध्याकाळी फिरवून आणायचे, अशी अट घातली. कन्येने एक दिवसही चुकवला नाही. एकदा तापात होती, तेव्हा मला पाठवले.

दिवाळीचे फटाके थंडावले की आमच्याकडे गावठी कुत्र्याचे एक पिल्लू येणार आहे. माझा तक्ता तिने फाडून टाकला. त्या जागी भिंतीवर नव्या वर्षाची दिनदर्शिका लावली आहे आणि तिच्यावर लशींच्या तारखांभोवती तांबड्या शाईची वर्तुळे आहेत. अक्षर तिचे आहे. एका वर्तुळाखाली मात्र मी माझी सही केली आहे. त्या दिवशी तिची परीक्षा आहे.