यादीबाहेरचे आल्बम

प्रोग्रेसिव्ह रॉकच्या सर्वोत्तम आल्बमची कोणतीही लोकप्रिय यादी उघडा. पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस, किंग क्रिमझन हीच नावं आलटूनपालटून वरच्या जागी दिसतात. त्यांचा मान वादातीत आहे. पण यादी तिथेच थांबते आणि नवा श्रोताही तिथेच थांबतो, हे खटकतं.

व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा ‘पॉन हार्ट्स’ (१९७१) घ्या. बँडमध्ये स्वतंत्र बासवादक नव्हता. ह्यू बँटन ऑर्गन वाजवता वाजवता पायाखालच्या पेडलवर बासचे सूर सांभाळत असे. डेव्हिड जॅक्सनचा सॅक्सोफोन आणि पीटर हॅमिलचा कधी कुजबुजणारा, कधी टिपेला जाऊन फाटणारा आवाज यांतून दीपगृहाच्या एकाकी रखवालदाराची सुमारे २३ मिनिटांची रचना उभी राहते. मायदेशी, ब्रिटनमध्ये या आल्बमची फारशी दखल घेतली गेली नाही. इटलीने मात्र तो डोक्यावर घेतला.

जेंटल जायंटच्या ‘ऑक्टोपस’मधलं (१९७२) ‘नॉट्स’ असंच. जुन्या मॅड्रिगल गायनाच्या धर्तीवर अनेक आवाज एकमेकांची ओळ मध्येच तोडतात, झेलतात, पुढे नेतात. पहिल्यांदा ऐकताना गोंधळ वाटतो. चार वेळा ऐकल्यावर प्रत्येक आवाजाची वाट स्पष्ट होते.

असं संगीत वेळ मागतं आणि क्रमवारीत नेमके त्यालाच गुण नसतात. म्हणूनच या अंकात क्रमांक नाहीत. प्रत्येक लेखकाने एकच आल्बम निवडून मनापासून लिहिलं आहे. लेख वाचा आणि मग तो आल्बम पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत, सलग ऐका.