कवी सुलतानाचा हिशेब

राज्यकर्ता रसिक असला म्हणजे राज्यही सुखरूप राहते, ही अद्याप प्रचलित असलेली समजूत हेरातच्या सुलतान हुसेन बायकरा याच्या चरित्रापुढे टिकत नाही. १४६९ साली तख्त हस्तगत करणाऱ्या या तैमूरवंशीयाने 'हुसैनी' या तखल्लुसाने तुर्कीत काव्यरचना केली. फार्सी कवी जामी, चित्रकार बिहजाद आणि तुर्कीला फार्सीच्या बरोबरीने उभे करू पाहणारा त्याचा मुत्सद्दी मित्र अलीशेर नवाई यांच्या कर्तृत्वाने त्याचे हेरात उजळले, आणि या वैभवातील त्याचा वाटा नाकारणे अन्यायाचे होईल.

परंतु ज्या दरबारात शब्दांची पारख इतकी सूक्ष्म होती, त्याच दरबारातून १४९७ साली सुलतानाच्या नातवाच्या, मोमीन मिर्झाच्या, वधाचे फर्मान सुटले. पुत्रांनी बंडे केली. आणि १५०६ मध्ये सुलतान निवर्तल्यावर दोन पुत्रांना एकाच वेळी गादीवर बसवण्याचा जो विचित्र बंदोबस्त झाला, त्याच्या दौर्बल्यामुळे १५०७ साली हेरात उझबेक सत्ताधीश शैबानी खानाच्या हाती गेले. हुसेनचा आप्त बाबर याने आत्मचरित्रात हुसेनच्या शौर्याची वाखाणणी केली, मद्यासक्तीवर बोट ठेवले आणि त्याचा सारा दीवान (काव्यसंग्रह) एकाच वृत्तात असल्याचा शेराही मारला.

बाबराची ही रीत अनुकरणीय आहे. काव्याचे मोल काव्य म्हणून करावे आणि कारभाराचा हिशेब स्वतंत्र मागावा. कारण सत्ताधीशाच्या रसिकतेने दिपून त्याला न्यायाचा व वारसाव्यवस्थेचा जाब न विचारणारा समाज कवीचा खरा सन्मान करीत नाही आणि राज्याचे रक्षणही करीत नाही.